समतेचे पद आणि समतेचे बळ

(पक्षाच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील सार्वजनिक आरोग्यशास्त्राच्या विद्यालयांत ‘समता व समावेश’ या कामासाठी जी अधिकारपदे निर्माण झाली होती, त्यांतील बरीचशी २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत मोडून टाकण्यात आली. या घटनेचा अर्थ कार्यकर्त्यांपुढे मांडावा, असे मला सांगण्यात आले आहे. विषयाची सूचना फलकावर लागली तेव्हा एका साथीने मला थांबवून विचारले, “परक्या देशातल्या विद्यापीठातल्या चार खुर्च्या गेल्या, त्याचे आपण काय करायचे?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी व्याख्यानाच्या ओघात देणार आहे. परंतु तो देश आपल्याला वाटतो तितका परका नाही, हे आधी सांगितले पाहिजे.

मे १९६४ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन येथे, केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या एका उपाहारगृहात त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम पुन्हा तेथे गेले आणि पोलिसांनी त्यांना अटक केली. आपल्या चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांना ही हकीकत ठाऊक आहे. पुढची हकीकत मात्र फारशी ठाऊक नाही. त्याच उन्हाळ्यात कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी करण्यासाठी शेकडो विद्यार्थी मिसिसिपीत उतरले, आणि त्यांच्यामागोमाग काही डॉक्टरही आले. त्यांत जॅक गायगर नावाचा एक तरुण डॉक्टर होता. आजचा आपला विषय मला या माणसापासून सुरू करावयाचा आहे, कारण आरोग्याच्या क्षेत्रात समतेचे नेतृत्व कशाला म्हणावे, हे त्याने कोणत्याही पदावर न बसता दाखवून दिले.

गायगर वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतातील फोलेला येथे काही काळ राहून आले होते. तेथे सिडनी व एमिली कार्क या दांपत्याने १९४० साली झुलू वस्तीत एक आरोग्यकेंद्र उभे केले होते. रोग्याला औषध देऊन घरी पाठवावे आणि त्याच घाणेरड्या पाण्याने व त्याच उपासमारीने तो पुन्हा आजारी होऊन यावा, हा प्रकार कार्क यांना मान्य नव्हता. घरोघर जाऊन मोजणी करावी, आजाराचे मूळ शोधावे आणि त्या मुळावर वस्तीतील माणसांसह काम करावे, ही त्यांची पद्धत होती. वर्णद्वेषी राजवटीला ती सोसवणे शक्यच नव्हते. कार्क यांना देश सोडावा लागला. ते काही काळ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयात साथरोगशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्यामागून फोलेलातच काम केलेले जॉन कॅसल त्या जागेवर आले. या विद्यालयाचे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

गायगर यांनी मिसिसिपीत माउंड बायू या गावी १९६७ साली जे आरोग्यकेंद्र उघडले, ते फोलेलाचेच रोप होते. कापसाच्या मळ्यांत यंत्रे आली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबे बेकार झाली होती. केंद्रात जी मुले येत ती भुकेने आजारी असत. डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दूध, अंडी, भाजी लिहून देण्यास प्रारंभ केला. गावातील दुकानदार त्या चिठ्ठीवर जिन्नस देत आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर पडे. सरकारी अधिकारी चौकशीला आले. औषधाचा पैसा धान्यावर का खर्च होतो, असे त्यांनी विचारले. कुपोषणावर वैद्यकाच्या पुस्तकात अन्न हाच उपचार सांगितला आहे, असे गायगर यांनी त्यांना ऐकवले.

परंतु यातील खरे काम गायगर यांचे नाही, हे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. ते जॉन हॅच या कृष्णवर्णीय संघटकाचे आहे. हॅच यांनी वस्तीवस्तीतून आरोग्यमंडळे बांधली. लोकांनी सांगितले, आम्हाला आधी विहीर हवी, संडास हवा, काम हवे. त्यातून विहिरी झाल्या, घरांच्या खिडक्यांना जाळ्या बसल्या आणि शेवटी शेकडो कुटुंबांची एक सहकारी शेती उभी राहिली. ज्यांची आजवर फक्त मोजणी होत होती, ते लोक केंद्राच्या कारभारात बसले. आज अमेरिकेत अशा धर्तीच्या सामुदायिक आरोग्यकेंद्रांतून तीन कोटींहून अधिक लोक उपचार घेतात. त्या सर्वांच्या आरंभी बॉस्टनची एक गरीब वसाहत आणि हे माउंड बायू आहे. हॅच पुढे नॉर्थ कॅरोलिनाच्या त्याच विद्यालयात डॉक्टरेट घेऊन प्राध्यापक झाले. फोलेलाहून निघालेला एक धागा मिसिसिपीमार्गे आणि दुसरा थेट, असे दोन्ही एका ठिकाणी येऊन मिळाले.

आता या विद्यालयांविषयी थोडे. वैद्यकीय महाविद्यालय एका रोग्याकडे पाहते. सार्वजनिक आरोग्याचे विद्यालय साऱ्या लोकसंख्येकडे पाहते. पाणी, अन्न, घर, कारखाना, साथी, जन्ममृत्यूची नोंद हा त्याचा अभ्यासविषय. अमेरिकेत अशा शिक्षणाचा मोठा आरंभ १९१६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉकफेलरच्या पैशाने झाला. त्याच सुमारास, १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर, कृष्णवर्णीय डॉक्टर तयार करणाऱ्या सात महाविद्यालयांपैकी पाच बंद पडली. अहवालाचे म्हणणे दर्जा सुधारण्याचे होते. परिणाम असा झाला की आरोग्याच्या शास्त्रात मोजणारा गोरा आणि मोजला जाणारा काळा, ही वाटणी पक्की झाली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचा दरवाजा कृष्णवर्णीयांना १९५१ साली उघडला, तोही न्यायालयाच्या आदेशाने. त्या विद्यापीठातून पीएच. डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय विल्यम डॅरिटी. विषय सार्वजनिक आरोग्य आणि साल १९६४.

ही वाटणी किती भयंकर ठरू शकते, याचे उदाहरण अलाबामातील टस्कीगीचे आहे. १९३२ पासून १९७२ पर्यंत, पूर्ण चाळीस वर्षे, अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक पाहणी चालवली. त्यांतील ३९९ जणांना उपदंश झालेला होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही, ‘रक्त बिघडले आहे’ एवढेच सांगितले. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा खात्रीचा उपचार हाती आला. तोही त्यांना मिळू दिला नाही, कारण रोग शेवटपर्यंत कसा वाढतो हे पाहावयाचे होते. आणि साथींनो, हे गुप्तपणे चाललेले नव्हते! वैद्यकीय नियतकालिकांतून या पाहणीचे लेख राजरोस छापून येत होते. शेकडो विद्वानांनी ते वाचले असतील. वाचणाऱ्यांत त्या सहाशे माणसांचा भाऊबंद कोणी नव्हता, म्हणून जवळजवळ कोणाला काही खटकले नाही.

आरोग्यसेवेतच संख्याशास्त्रज्ञ म्हणून नोकरीला लागलेल्या बिल जेंकिन्स या कृष्णवर्णीय तरुणाला ते खटकले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याने वरिष्ठाला विचारले. वरिष्ठाने, काळजी करू नकोस, असे सांगितले. पुढे कळले की तो वरिष्ठ स्वतःच त्या कामात गुंतलेला होता. जेंकिन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘द ड्रम’ नावाचे एक लहानसे पत्रक काढून त्यात लिहिले, वर्तमानपत्रांकडे पाठवले. कोणी दखल घेतली नाही. पुढे पीटर बक्स्टन या दुसऱ्या कर्मचाऱ्याने दिलेली कागदपत्रे जुलै १९७२ मध्ये वृत्तसंस्थेने छापली, तेव्हा कोठे हा प्रकार थांबला. जेंकिन्स यांनी आपल्या अपयशातून जो धडा घेतला तो मला फार मोलाचा वाटतो. नुसता संताप पुरत नाही, त्या शास्त्रावर हुकमत हवी, असे ठरवून ते नॉर्थ कॅरोलिनाच्या विद्यालयात गेले आणि १९८३ साली साथरोगशास्त्राचे डॉक्टर झाले. टस्कीगीच्या पाहणीतून वाचलेल्या माणसांना व त्यांच्या कुटुंबांना वैद्यकीय मदत देण्याचा कार्यक्रम पुढे अनेक वर्षे त्यांनीच सांभाळला. २०१९ साली त्यांचे निधन झाले.

त्या विद्यालयात अल्पसंख्य विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी आपली संघटना बांधली आणि १९७७ पासून अल्पसंख्याकांच्या आरोग्यावर वार्षिक परिषद भरवण्यास सुरुवात केली. संघटकांत जेंकिन्स होते. विद्यार्थ्यांनी चालवलेली ही परिषद दशकानुदशके भरत राहिली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की तेव्हा समतेचे अधिकारपद नव्हते, कक्ष नव्हता, अंदाजपत्रकात त्या नावाची ओळ नव्हती. बाहेर नागरी हक्कांची चळवळ होती आणि आत तिचे विद्यार्थी होते. अधिष्ठात्याला त्यांचे ऐकावे लागत होते.

मग पद आले कोठून? त्याची जन्मकथा न्यायालयात आहे. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने १०० जागांपैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी ठेवल्या होत्या. बाकी नावाच्या एका गोऱ्या उमेदवाराने दावा लावला आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने राखीव जागा रद्द केल्या. मात्र न्यायमूर्ती पॉवेल यांनी एक खिडकी उघडी ठेवली. समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून वंश पाहता येणार नाही; परंतु वर्गात निरनिराळ्या प्रकारचे विद्यार्थी असले तर शिक्षण अधिक चांगले होते, म्हणून ‘विविधता’ हा एक घटक विचारात घेता येईल. न्यायाचा दरवाजा बंद झाला आणि शोभेची खिडकी उघडी राहिली. कृष्णवर्णीय मुलगा आता आपला हक्क मागण्यासाठी येणार नव्हता, गोऱ्या मुलांचे शिक्षण समृद्ध करण्यासाठी येणार होता! पुढची ४५ वर्षे अमेरिकन विद्यापीठांतील सारी भाषा या खिडकीच्या चौकटीत बसवली गेली. आपल्याकडे लोहियांनी शेकडा साठ जागांची मागणी केली ती विशेष संधीच्या तत्त्वावर, म्हणजे ऐतिहासिक अन्यायाच्या परिमार्जनाच्या तत्त्वावर. दोन्हींतील अंतर शब्दांचे नाही.

२०२० साली मिनिआपोलिस येथे पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीत कृष्णवर्णीय अधिक संख्येने मरत होते. देशभर लोक रस्त्यावर आले. त्या दडपणाखाली अनेक सार्वजनिक आरोग्य विद्यालयांनी वंशद्वेष हाच आरोग्यावरील घाला आहे, असे ठराव केले आणि समता व समावेश यांसाठी सहयोगी अधिष्ठात्याच्या दर्जाची पदे निर्माण केली किंवा असलेली वाढवली. ही पदे म्हणजे केवळ धूळफेक होती, असे म्हणण्यास मी तयार नाही. त्या पदांवरील माणसांनी, बहुधा स्त्रियांनी, पुष्कळ कष्ट उपसले. एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याला धीर दिला, तक्रारी ऐकल्या, प्रवेशाचे निकष तपासले, अभ्यासक्रमात टस्कीगीसारखे धडे आणले. यातील बहुतेकींना आपले अध्यापन व संशोधन सांभाळून हे करावे लागे. तेथील लोक त्याला ‘अल्पसंख्याकांवरचा कर’ म्हणतात, तो शब्द बोलका आहे.

परंतु या पदाकडे अधिकार कोणते होते? प्राध्यापकाला कायम करण्याचा नाही, संशोधनाचा पैसा कोठे जावा हे ठरवण्याचा नाही, विद्यालयाच्या अंदाजपत्रकाला हात लावण्याचा नाही. कार्यशाळा घ्यावी, प्रश्नावली भरून घ्यावी, वार्षिक अहवाल लिहावा. आणि ही विद्यालये जगतात कशावर? मुख्यतः संघ सरकारच्या संशोधन अनुदानांवर. अनेक प्राध्यापकांचा पगारसुद्धा त्याच अनुदानातून निघतो. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हा नियम तेथेही लागू आहे. समतेचे पद अधिष्ठात्याच्या खुशीवर, अधिष्ठाता विश्वस्तांच्या खुशीवर, आणि सारे मिळून सरकारी अनुदानावर. उतरंडीतले खालचे मडके काढले की काय होते ते सांगावयास नको.

खालचे मडके निघाले. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि हेच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ यांच्या खटल्यात प्रवेशासाठी वंश विचारात घेण्यास मनाई केली. पॉवेल यांची खिडकीही बंद झाली. १३ मे २०२४ रोजी चॅपेल हिल येथील विश्वस्तांनी समता-समावेशाचे २३ लाख डॉलर काढून विद्यापीठाच्या पोलीस व सुरक्षा खात्याकडे वळवण्याचा ठराव केला. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर विद्यार्थ्यांनी तेथे तंबू ठोकले होते, ते नुकतेच उठवण्यात आले होते. म्हणजे हा पैसा कोणावर वापरण्यासाठी गेला हे उघड आहे. दहा दिवसांनी राज्यातील सर्व सरकारी विद्यापीठांच्या नियामक मंडळाने समतेचे धोरणच रद्द केले. त्या शरद ऋतूत हिशेब बाहेर आला: राज्यभरातून ५९ पदे रद्द, १३१ पदांचे रूप बदलले. ज्या विद्यापीठात कॅसल शिकवत होते, हॅच शिकवत होते, जेंकिन्स शिकले होते, तेथे ही गोष्ट एका बैठकीत उरकली. विद्यार्थी आणि काही प्राध्यापक सोडले तर फारसे कोणी रस्त्यावर आले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी अधिकारग्रहण करताच पहिल्या दोन दिवसांत आदेश काढून संघ सरकारातील ही सर्व कामे बंद केली आणि अनुदान घेणाऱ्या संस्थांवरही बडगा उगारला. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी शेकडो संशोधन-अनुदाने मध्येच तोडली. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशन ही आरोग्य कार्यकर्त्यांची जुनी संस्था आणि इतर काही मंडळी न्यायालयात गेली. जून २०२५ मध्ये बॉस्टनचे संघ न्यायाधीश विल्यम यंग यांनी हा प्रकार बेकायदा ठरवला आणि चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सरकारकडून असा वांशिक भेदभाव आपण पाहिला नव्हता, असे भर न्यायालयात सांगितले. हे गृहस्थ रेगन यांच्या काळात नेमले गेलेले आहेत, डावे वगैरे नव्हेत. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा अनुदानांबाबतचा आदेश स्थगित केला.

ही बातमी आली तेव्हा आपल्या काही मित्रांच्या तोंडी मी एक वाक्य ऐकले: बरे झाले, ते सगळे भांडवलशाहीचे सोंगच होते. तिकडील समाजवाद्यांतही या मताचे लोक आहेत आणि त्यांचा युक्तिवाद हलका नाही. ॲडॉल्फ रीड हे कृष्णवर्णीय विचारवंत म्हणतात की समतेची ही कल्पना मान्य केली, तर शेकडा एक लोकांच्या हाती सगळी संपत्ती असलेला समाजही न्याय्य ठरेल. अट एवढीच की त्या एक टक्क्यात कृष्णवर्णीयांचे व स्त्रियांचे योग्य प्रमाण असावे. यातील सत्य नाकारता येणार नाही. त्यात मी आणखी एक भर घालतो. ॲन केस आणि अँगस डीटन यांनी २०१५ साली दाखवून दिले की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांतील मृत्यू वाढत आहेत, विशेषतः कमी शिकलेल्या वर्गात. आत्महत्या, दारू आणि अफूजन्य औषधे ही कारणे. कारखाने बंद पडलेल्या गावांतील ही माणसे. त्यांचे मरण हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न नव्हे काय? परंतु समतेच्या कक्षाच्या व्याख्येत ती बसत नव्हती. ती ज्यांच्या सभेला गेली, त्यांनीच आज हे कक्ष मोडले आहेत.

तरीही ‘सोंग होते’ हे मत मी स्वीकारत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आईबाप दोघेही पदवीधर असलेल्या बालकांची तुलना केली होती. तेथेही कृष्णवर्णीय बालकांच्या मृत्यूचा संभव गोऱ्या बालकांच्या जवळपास दुप्पट निघाला. शिक्षण सारखे, तरी मरण दुप्पट. २०२३ सालचे आकडे घ्या: दर लाख जन्मांमागे बाळंतपणाशी संबंधित कारणांनी मरणाऱ्या स्त्रिया गोऱ्यांत १४.५ आणि कृष्णवर्णीयांत ५०.३. हे गणित एकट्या वर्गाच्या सूत्राने सुटत नाही. जातीच्या प्रश्नावर हाच वाद आपल्या पक्षांतही अनेक वर्षे झाला आहे आणि जातीला वरचा मजला समजून पाया बदलण्याची वाट पाहत बसलेल्यांचे काय झाले, हे आपण पाहिले आहे. मला रीड यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्यांना माउंड बायूला पाठवीन. तेथे वंशाचा प्रश्न आणि भाकरीचा प्रश्न एकाच विहिरीवर सुटत होता.

समतेचे नेतृत्व पदाविना कसे असते, आणि त्याला काय किंमत द्यावी लागते, याचे एक उदाहरण त्याच विद्यालयातले आहे. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनाच्या पूर्व भागात कंपन्यांनी डुकरांचे प्रचंड गोठे उभारले. डुकरांची संख्या एक कोटीच्या घरात गेली. त्यांची विष्ठा उघड्या तळ्यांत साठवायची आणि फवाऱ्याने शेतात उडवायची, ही पद्धत. हे गोठे गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या आसपासच अधिक प्रमाणात आहेत, हे स्टीव्ह विंग या गोऱ्या प्राध्यापकाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजून दाखवले. मोजणी करताना टिलरी गावातील संघटनेला त्यांनी बरोबरीचे सहसंशोधक मानले. लेखावर गावच्या कार्यकर्त्याचे नाव आहे. डुकरे पाळणाऱ्या उद्योगाच्या मंडळाने सरकारी अभिलेखांच्या कायद्याखाली विंग यांचे सारे कागद मागितले. ज्या गावकऱ्यांनी विश्वासाने माहिती दिली, त्यांची नावे कंपन्यांच्या हाती पडली असती. ओळख पटेल असा मजकूर काढून टाकल्याखेरीज विंग यांनी कागद दिले नाहीत. २०१६ मध्ये ते वारले. त्यांच्या खुर्चीवर ‘समता’ अशी पाटी नव्हती, म्हणून ती कोणी काढूही शकले नसते.

आता त्या साथीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी आपल्याच महाराष्ट्राचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने २००७ साली अहवाल दिला. वसतिगृहात, शिकवणीत, परीक्षेत भेदभाव होतो, हे विद्यार्थ्यांच्या साक्षींवरून तिने नोंदवले आणि समान संधीसाठी स्वतंत्र कार्यालय असावे, अशी शिफारस केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली नियम केले. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असावा, असे त्यांत आहे. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने अधिक कडक नियम आणले. पंधरा-सोळा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित केले आणि २०१२ चेच नियम तूर्त चालू ठेवण्यास सांगितले. स्थगितीच्या आधी रस्त्यावर कोण उतरले होते, हे आठवून पाहा. नियमांच्या विरोधात उतरले होते. त्यांच्या बाजूने आपण किती होतो?

आणि मोजणाऱ्यांचा प्रश्न आपल्याकडे आणखी खालपर्यंत जातो. गावातील गरोदर बाई, वजन कमी असलेले मूल, क्षयाचा रोगी यांची घरोघर जाऊन मोजणी आशा सेविका करतात. त्यांना पगार नाही, मोबदला आहे. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी त्यांनी महाराष्ट्रभर संप केला, थंडीत आझाद मैदानावर बसल्या. आरोग्याचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या, योजना आखणाऱ्या मंडळांत त्यांची प्रतिनिधी क्वचितच असते. हॅच यांनी साठ वर्षांपूर्वी मिसिसिपीत ज्या माणसांना कारभारात बसवले, त्यांच्या जागी आपल्याकडे या बायका आहेत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. आपल्या जिल्ह्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, परिचर्या महाविद्यालय आहे. तेथे समान संधी कक्ष आहे काय, भेदभावविरोधी अधिकारी कोण आहे, त्याची शेवटची बैठक केव्हा झाली, गेल्या तीन वर्षांत किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून विचारावे. अर्जाचा मसुदा कार्यालयात तयार आहे. विद्यार्थी आघाडीच्या साथींनी वसतिगृहात जाऊन प्रथम वर्षाच्या मुलामुलींशी बोलावे. बोलताना पक्षाची पत्रके नेऊ नयेत, वही न्यावी. आशा संघटनेच्या तालुका प्रतिनिधींना पुढल्या बैठकीचे निमंत्रण द्यावे आणि त्या येतील तेव्हा आधी त्यांना बोलू द्यावे. बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे.